न घेतलेला शॉट

अश्दोदमध्ये आमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि एका मिनिटानं आपोआप विझतो. इस्राएलमधल्या बहुतेक जिन्यांत असंच आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या माणसाला एक मिनिट पुरत नाही, हे ठरवणाऱ्यानं बहुधा कधी भाजी आणली नसावी. माझ्या नवऱ्यानं, जॉशुआनं, १९७८ सालच्या एका शुक्रवारी हे बटण दोन तास दाबलं होतं. दिवा विझायच्या आत पुन्हा, विझायच्या आत पुन्हा. योएलकाकांच्या सिनेमासाठी.

योएल वाक्रुळकर. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांपैकी जुन्यांना हे नाव अजून आठवतं. मुंबईत ते एका फिल्म लॅबमध्ये होते. इथे आल्यावर दिवसा बंदरात क्रेन चालवायचे आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढायचे. एकोणीस वर्षांत त्रेचाळीस. दुसऱ्यांच्या शूटिंगमधून उरलेले फिल्मचे तुकडे गोळा करायचे, ओळखीच्यांच्या घरात चित्रीकरण, नट म्हणजे शेजारीपाजारी. कॅमेऱ्याला स्टँड नव्हता, म्हणून तो जमिनीवर तांदळाच्या पोत्यावर ठेवायचा. दिवे नव्हते, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून जिन्यातला उजेड आत घ्यायचा. एखादा नट आलाच नाही तर त्याच्या जागी रिकामी खुर्ची. "ही एलियाहू हन्नाबीची," असं म्हणून ते पुढचा शॉट घ्यायचे; आमच्या या नवसाला पावणाऱ्या प्रेषितासाठी आम्ही एक खुर्ची रिकामी ठेवतो. सगळं खरं वापरायचे. मरणाचा प्रसंग असला तर खरी शिवा, सात दिवसांचं सुतक, बसलेली घरं शोधायचे, लग्नाचा असला तर खरं लग्न.

"खोटं करायला खर्च येतो, पोरी," मला म्हणायचे. "खरं फुकट असतं."

निगेटिव्ह कापायचं काम मला त्यांनीच शिकवलं. पुढे तेच माझं पोट झालं. दिग्दर्शक आणि एडिटर यांची भांडणं संपली की मूळ निगेटिव्ह लॅबमध्ये माझ्या टेबलावर येते. पांढरे हातमोजे घालून, भिंगाखाली एकेक फ्रेम बघून मी ती कापते आणि जोडते. कात्री एकदा चुकली की तो शॉट जगातून गेला. गोष्ट काय आहे याच्याशी मला देणंघेणं नसतं, मी फ्रेम बघते. मी कोणत्या जातीची बाई आहे ते कळावं म्हणून सांगितलं. मला भास होत नाहीत.

तर तो शुक्रवार. चित्रीकरण आमच्याच घरी होतं. सिनेमाची गोष्ट साधी: बंदरावरचा पोरगा घरातून निघून जातो, आई नवस करते, पोरगा परत येतो, आई नवस फेडते. आईचं काम रिव्का करत होती. ती संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये कामाला होती आणि जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. मलिदा खराच केला होता. ताटात भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलदोडे, वर पाच फळं आणि गुलाब. प्रार्थनेला लागतात म्हणून दहा पुरुषही खरेच बोलावले होते. माझा यानिव दोन वर्षांचा होता. तो माझ्या खांद्यावर झोपला होता.

रिव्काला संवाद लिहून दिला होता. तिनं तो बाजूला ठेवला आणि पदर घेऊन आपल्याच शब्दांत म्हणाली, "एलियाहू हन्नाबी, ह्या दारातून जो गेला त्याला ह्याच दारात परत आण. तुज्या नावानं मलिदा करीन. पयला घास तुजा."

योएलकाकांनी कॅमेरा बराच वेळ चालू ठेवला. समोर अर्धं उघडं दार, जिन्यातला पिवळा उजेड, ताट, रिकामी खुर्ची.

मग ते म्हणाले, "आता आभाराचा शॉट. डिना, रोल दे."

हिवाळा होता, साडेचारला शब्बाथ, आमचा सक्तीच्या विश्रांतीचा दिवस, लागणार होता. माझ्या घरात वीस माणसं, स्वयंपाक अर्धा, मेणबत्त्या लावायच्या होत्या आणि पोरगं अंगावर. फिल्म टिकावी म्हणून फ्रिजच्या दारात दुधाशेजारी ठेवलेला एक आख्खा रोल होता. मी म्हटलं, "फिल्म संपली, योएलकाका."

त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग खांद्यावरच्या यानिवकडे.

"बरं झालं," ते म्हणाले. "आभार कसले मानायचे? अजून गेलंय कोण?"

मला ती त्यांची नेहमीची थट्टा वाटली. प्रार्थना न होताच माणसं पांगली. मलिद्याचं ताट मी झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो चहाबरोबर खाल्ला. आमच्यात असं कुणी करत नाही. नवसाचा मलिदा प्रार्थनेशिवाय तोंडात घालत नाहीत. पण ती तर शूटिंगची वस्तू होती, असं मी स्वतःला सांगितलं.

सिनेमा दाराच्या शॉटवरच संपवला. निगेटिव्ह कापताना मला त्या शॉटच्या शेवटी जिन्यात एक माणूस दिसला. चौदा सेकंद. उजेड पाठीमागून, त्यामुळे चेहरा काळा. पांढरा शर्ट. शर्टाची बटणं पांढरी आणि वरून तिसरं मात्र मोठं, काळपट. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. मी जॉशुआला विचारलं, जिन्यात तुझ्याबरोबर कोण होतं?

"कोण असणार? दोन तास मी एकटा उभा होतो," तो म्हणाला. "अंगठा दुखतोय अजून."

शेजारचा कुणीतरी असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

योएलकाका १९८९ मध्ये गेले. जिवंतपणी त्यांचं नाव कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. नव्वदनंतर मात्र चमत्कार झाला. सिनेमा शिकवणाऱ्या शाळांतल्या पोरांना त्यांच्या व्हिडिओ कॅसेट सापडल्या आणि ती वेडी झाली. काकांनी नाइलाजानं जे जे केलं होतं, ते ते या पोरांनी शैली म्हणून उचललं. चांगले तिपाई स्टँड बाजूला ठेवून कॅमेरे जमिनीवर आले. लाखांचे दिवे लावून जिन्यातल्या चाळीस वॉटच्या दिव्यासारखा उजेड पाडायचा. रिकाम्या खुर्चीवर एकानं प्रबंध लिहिला. दाराचा तो शेवट तर "वाक्रुळकरांचा मोकळा शेवट" म्हणून वर्गात शिकवायला लागले. मला हसू यायचं. तो मोकळा शेवट माझ्या फ्रिजमध्ये होता.

पहिला एल्दाद. आमच्यातलाच मुलगा, किर्यात मलाखीचा. १९९४ मध्ये त्यानं आपल्या आजीच्या घरी सिनेमा काढला आणि त्यात योएलकाकांना मानवंदना म्हणून नवसाचा शॉट जसाच्या तसा घेतला. तेच शब्द, तसंच ताट, तशीच खुर्ची. आभाराचा प्रसंग त्यानंही घेतला नाही, कारण तो असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. निगेटिव्ह माझ्या टेबलावर आली. शॉटच्या शेवटी दारात माणूस होता. जिन्यात नाही, उंबरठ्यावर. पांढरा शर्ट, तिसरं बटण मोठं.

मी एल्दादला फोन केला. "मूळ सिनेमातल्या माणसाची चांगली नक्कल केलीस. बटणसुद्धा विसरला नाहीस."

"कुठला माणूस, डिना आंटी?"

तो लॅबमध्ये आला. भिंगातून बघितलं आणि खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "दारासमोर मीच उभा होतो. दाराबाहेर समोर भिंतच आहे. आजीच्या दारामागे जिना नाही, आंटी. तळमजला आहे तो."

त्यानं शॉट तसाच ठेवला. लोकांनी वाहवा केली. पण नंतर त्यानं सिनेमा केला नाही. तो बंदरात लागला. त्याच्या घरी मी एकदा गेले तर जेवणाच्या टेबलाभोवती माणसं चार आणि खुर्च्याही चारच. पाहुणी म्हणून मला शेजारून खुर्ची आणून दिली आणि मी उठल्याबरोबर ती परत पाठवली.

दुसरी ओफ्रा, १९९८. ती आमच्यातली नव्हती, तिचे आईवडील रुमानियाचे. अरादमध्ये वाळवंटाच्या कडेला एका रिकाम्या फ्लॅटमध्ये तिनं शूटिंग केलं आणि नवस हिब्रूतून घेतला. तिच्या शॉटमध्ये माणूस खोलीच्या आत होता. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता. ओफ्रा शिस्तीची, प्रत्येक शॉटआधी आणि नंतर पोलरॉइड काढणारी. दोन्ही पोलरॉइड तिनं मला दाखवले. खुर्ची, ताट, दार. दुसरं काही नाही.

मी तिन्ही शॉटच्या प्रिंटमधून एकेक फ्रेम कापून लाइट टेबलवर शेजारी शेजारी ठेवल्या. जिना, उंबरठा, खुर्ची. वीस वर्षांत तो तेवढा चालला होता. खुर्चीत बसायला त्याला एकच सिनेमा हवा होता.

त्या दिवसापासून मला नीट झोप लागेनाशी झाली. जॉशुआ दोन वर्षांपूर्वीच वारला होता, सांगायला कुणी नव्हतं. आणि यानिवनं नुकताच सिनेमाच्या शाळेत प्रवेश घेतला होता.

२००३ मध्ये त्याचा पहिला सिनेमा ठरला. मला म्हणाला, "इमा, शेवट आपल्याच घरी घेणार. त्याच दारात."

यानिवला मराठी कळायचं, पण तो उत्तर हिब्रूत द्यायचा, आईलासुद्धा इमा म्हणायचा. मी म्हटलं, "तो शॉट घेऊ नको, बाळा." त्या तीन फ्रेम त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं भिंग लावून बघितलं आणि हसला.

"काय हे! तू निगेटिव्ह कापतेस, कॉफीच्या कपात भविष्य बघत नाहीस. एकानं गंमत केली, दुसऱ्यानं ती पुढे नेली. आम्ही लोक असेच असतो, इमा."

"ओफ्रा खोटं बोलत नाही."

"मग काय करू? सगळे घेतात तो शॉट मीच एकट्यानं सोडू?"

तेव्हा मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. फ्रिजमधला रोल. शब्बाथची घाई. न झालेली प्रार्थना, चहाबरोबर खाल्लेला मलिदा. नवस केला आणि फेडला नाही, म्हणून तो येतोय. मला दुसरं काही सुचत नव्हतं. "घ्यायचाच असेल तर पुढचा शॉटही घे," मी म्हटलं. "नवस फेड. खऱ्या प्रार्थनेनं, दहा माणसांनी."

यानिव उठून उभाच राहिला. त्याचे डोळे असे चमकलेले मी तो लहान असतानाच बघितले होते. "योएलचा न घेतलेला शॉट? आणि तो मी घेणार? इमा, हे तू मला आत्ता सांगतेस?"

योएलकाकांचे शब्द मी त्याला सांगितले नाहीत. आठवलेच नाहीत. खरंच सांगते, आठवले नाहीत.

गुरुवारी दुपारी शूटिंग झालं. यानिवची नेटा कॅमेऱ्यावर होती, दोघं लग्न करणार होती. तांदळाचं पोतं मीच दिलं. आईचं काम करणाऱ्या सिवानला मराठी येत नव्हतं, तिनं नवसाचे शब्द हिब्रू अक्षरांत लिहून पाठ केले होते. ते तिनं म्हटले. आभाराचे शब्द मात्र ऐन वेळी आलेले, म्हणून ते मी म्हणायचं ठरलं. सिनागॉगमधले दहा पुरुष उभे राहिले. त्यांत एल्दादही होता, माझ्या आग्रहाखातर आलेला.

मी साडी नेसून दारासमोर उभी राहिले. खुर्ची माझ्या पुढ्यात होती, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. ती रिकामी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. दारात कुणी नव्हतं, जिन्यात कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "एलियाहू हन्नाबी, ह्या दारातून जो गेला तो परत आला. तुझे उपकार. पयला घास तुझा."

पुरुषांनी प्रार्थना म्हटली. सगळ्यांना मलिदा वाटला. यानिवनं तळहातावर घेऊन खाल्ला आणि साखर लागलेल्या ओठांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला. मला त्या रात्री गाढ झोप लागली. पाच वर्षांत लागली नव्हती अशी.

शुक्रवारी सकाळी मी मासळी आणायला बाजारात गेले. परत आले तर नेटा एकटीच कॉफी पीत होती. यानिव शब्बाथचा पाव आणायला खाली गेला होता. "पाच मिनिटांत येतो म्हणाला," नेटानं सांगितलं.

त्या वर्षी बॉम्बस्फोटांत बसगाड्या फुटत होत्या. कुणाला दहा मिनिटं उशीर झाला तरी आम्ही रेडिओ लावायचो. मी लावला. त्यावर गाणी चालू होती. पाववाल्यानं सांगितलं, तो आलाच नाही. खालच्या मजल्यावरच्या येहुदितनं त्याला उतरताना ऐकलं होतं, इमारतीबाहेर पडताना कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी पोलिस आले. हॉस्पिटलं झाली, लष्कर झालं, समुद्र झाला.

यानिव सापडला नाही.

दहाव्या दिवशी नेटानं लॅबमधून कॅसेट आणली. तिला फक्त त्याचा आवाज ऐकायचा होता. शॉटच्या आधी कॅमेऱ्यामागून तो "चला" म्हणतो, तेवढा.

आम्ही दोघी बघत होतो. त्यानं "चला" म्हटलं. सिवाननं नवस केला. मी पुढे आले, माझी पाठ दिसत होती. मी आभार मानले.

खुर्चीत माणूस बसला होता.

मान खाली घालून तो ताटातलं खात होता. मी त्याच्याकडे बघून बोलत होते.

पांढरा शर्ट. तिसरं बटण मोठं, गडद निळं.

नेटानं टीव्हीला हात लावला. "यानिव आहे," ती म्हणाली. "डिना, हा यानिव आहे. हे माझ्या कोटाचं बटण आहे. त्याच्या शर्टाचं तुटलं, तू बाजारात होतीस, मी माझ्या कोटाचं काढून लावलं. तो निघायच्या आधी. शुक्रवारी."

मी कॅसेट थांबवली.

"म्हणजे तो परत आला होता?" तिनं माझा हात घट्ट धरला. "पाव घेऊन परत आला होता, आणि तुम्ही पुन्हा शूट केलंत? डिना, सांग ना. कधी आला होता?"

योएलकाकांचं बोलणं मला तेव्हा आठवलं. शब्दन् शब्द. फ्रिजकडे बघणं आठवलं, मग माझ्याकडे, मग खांद्यावरच्या पोराकडे. आभार कसले मानायचे? अजून गेलंय कोण?

कुणी गेलेलंच नव्हतं. जिन्यातून खुर्चीकडे येत होता तो यानिवच होता, जाण्याच्या आधीच परत येणारा. पंचवीस वर्षं माझं पोर माझ्याजवळ होतं आणि मी तो परत आल्याचे आभार मानले. दहा माणसं उभी करून.

आता तीन वर्षं झाली. नेटानं लग्न केलं नाही, दर शुक्रवारी ती येते. ती मुलगी मला इमा म्हणते, आणि म्हणूनच हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. तिला मराठी वाचता येत नाही.

शुक्रवारी दुपारी ती यायच्या आधी मी दार अर्धं उघडते. खुर्ची ठेवते, ताट ठेवते. रिव्काचे शब्द म्हणते, ह्या दारातून जो गेला त्याला ह्याच दारात परत आण. नवस करायला शब्द आहेत. तो आला तर म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, ते मी वापरून टाकलं. तरी म्हणते. आई आहे, दुसरं काय करणार?

गेल्या शुक्रवारी मी अशीच बसले होते. इमारतीत कुणी चढत नव्हतं, उतरत नव्हतं. जिन्यातला दिवा लागला. मी घड्याळाकडे बघितलं. पन्नास सेकंद झाले आणि दिवा विझायच्या आत बाहेर कुणीतरी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा, पन्नास सेकंदांनी. जॉशुआ असाच दाबायचा, आत कॅमेरा चालू असेपर्यंत.